आधी रहिवासी संघ, मग बाकडी आणि झोपाळे

कॉलनीच्या मोकळ्या जागेत बाकडी, झोपाळे, घसरगुंडी किंवा ओपन जिम बसवायचं ठरवून लोक आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. दर सांगण्याआधी आम्ही दोन गोष्टी विचारतो: जागा कोणाची, आणि पाच वर्षांनी या सामानाकडे कोण बघणार? ही उत्तरं कागदावर असतील तर काम टिकतं. म्हणून पुण्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक.

जागेचा कागद

मंजूर लेआउटमधली ‘ओपन स्पेस’ बहुतेक वेळा प्लॉटधारकांच्या किंवा सोसायटीच्या सामाईक वापराची असते. ‘अॅमेनिटी स्पेस’, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा, बहुधा महापालिकेकडे गेलेली असते. शेजारी-शेजारी असल्या की रहिवाशांना दोन्ही सारख्याच वाटतात, पण नियम वेगळे आहेत. पालिकेच्या जागेवर परवानगीशिवाय बसवलेलं सामान अतिक्रमण म्हणून उचललं जाऊ शकतं, आणि सगळ्यांची वर्गणी पाण्यात जाते. खासगी जागेवर पालिकेचा पैसा सहसा खर्च होत नाही. त्यामुळे आधी मंजूर नकाशा आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा.

संघ कसा उभा राहतो

व्हॉट्सअॅप ग्रुपवर होकार आला म्हणजे ठराव झाला असं नाही. सभा घ्या, इतिवृत्त लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. सभेला फक्त घरमालकांना बोलावू नका. भाडेकरूंना बोलवा, संध्याकाळी नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना बोलवा. दोन घरांच्या कामांमध्ये घटकाभर टेकणाऱ्या मावशींनाही विचारा. बाकडं कुठे हवं हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

पहिलं काम छोटं आणि डोळ्यांना दिसणारं घ्या. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी सुरुवात केली ती कचऱ्यापासून. अशाच प्रयत्नांमधून तिथल्या पालिकेची ‘एएलएम’ (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना, म्हणजे रहिवासी आणि पालिका यांनी मिळून परिसर सांभाळण्याची योजना, १९९७ मध्ये पुढे आली. माणसं एकदा एका कामासाठी एकत्र आली की बाग, दिवे, पदपथ यांवर बोलणं सोपं जातं.

नोंदणी लागतेच का, असं सगळे विचारतात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायला नोंदणी लागत नाही. सह्यांचं पत्रही चालतं. पण वर्गणी गोळा करायची असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की नोंदणी करा आणि संघाच्या नावाने बँकेत खातं उघडा. कोणा एकाच्या मोबाइलवर पैसे जमा होऊ लागले की माणूस कितीही प्रामाणिक असो, कुजबुज सुरू होतेच आणि चांगला कार्यकर्ता दुखावून बाजूला होतो. नोंदणी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते आणि त्यासाठी किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. पुढे दरवर्षी हिशेब सादर करावे लागतात, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून गेला की जुनीच नावं कागदावर राहतात आणि नव्या मंडळींच्या सहीला बँक अडवते. सगळ्या इमारतींच्या सहकारी सोसायट्या आधीच असतील, तर त्यांच्या पदाधिकाऱ्यांची संयुक्त समिती करूनही सुरुवात करता येते.

पैसा कुठून

वर्गणीचा डबा फिरवण्याआधी तुमच्याच कराच्या पैशातून काय होतं ते बघा. पुणे महापालिका २००६पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतले जातात आणि क्षेत्रीय कार्यालयात देता येतात. पदपथ, पथदिवे, बाकडी, बसथांबे अशी कामं त्यात सुचवता येतात. गणपतीच्या गडबडीत ही मुदत हुकते, म्हणून जुलैतच सभा लावा. याशिवाय नगरसेवकांची ‘स’ यादी (त्यांनी प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी), आमदार निधी आणि १९९३पासूनचा खासदार निधी हे रस्ते आहेतच.

अर्जात एकच काम आणि नेमकं लिहा. ‘उद्यानात सुधारणा करावी’ एवढ्यावर कोणालाच अंदाजपत्रक करता येत नाही. ‘पश्चिमेच्या भिंतीलगत सहा बाकडी, फाटकाजवळ दोन पथदिवे’ असं लिहा, सर्व्हे नंबर टाका, फोटो आणि हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा. पोचेवर शिक्का घ्यायला विसरू नका. महिनोन्महिने उत्तर नाही आलं, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर काम कुठे अडलंय ते विचारता येतं. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते.

सामान टिकवायचं कसं

हा आमच्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून जरा सविस्तर. पाइप सगळ्यात आधी कुजतो तो जमिनीलगत. पावसाचं पाणी खांबाच्या बुडाशी साचतं, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि आतून गंज धरतो. वरून खांब ठणठणीत दिसतो. म्हणून काँक्रीट जमिनीपेक्षा थोडं वर आणि बाहेरच्या बाजूला उताराचं हवं. गॅल्व्हनाइज्ड पाइप महाग पडतो, तरी आम्ही त्याचाच आग्रह धरतो. मात्र त्याच्यावर वेल्डिंग केलं की त्या जागचा जस्ताचा थर जळतो. तिथे झिंक प्रायमर मारलाय का, हे कोणत्याही कारागिराला विचारा, आम्हालाही.

झोपाळ्याच्या कड्या आतल्या बाजूने झिजतात आणि खालून पाहून ते कळत नाही. दर महिन्याला कोणीतरी शिडी लावून हात फिरवायला हवा. झीज दिसली की कडी बदलायची, वंगण लावून चालढकल करायची नाही. पत्र्याची घसरगुंडी शक्यतो सावलीत किंवा उत्तरेकडे उतरणारी ठेवा, कारण एप्रिलच्या दुपारी पत्रा मुलांना पोळतो. बाकड्याची बैठक साधारण १८ इंच उंच असावी, पाठ आणि हात असावेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना त्या हातांचाच आधार असतो.

देखभालीसाठी संघाने दोन नावं आणि वर्षाची ठरावीक रक्कम ठरावात लिहून ठेवावी. सामानासोबत तपासणीची वही आम्ही देतो.

वर्कशॉपमध्ये येताना मंजूर नकाशाची प्रत, सभेचा ठराव आणि जागेचे फोटो घेऊन या. मोजमापाला आम्ही येतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त वेळ संध्याकाळी सहानंतरची द्या, म्हणजे जागा कोण कशी वापरतं ते आम्हाला बघता येईल.