विनोदी विज्ञानसाहसकथा

विज्ञानकथेचा एक उपप्रकार. विश्वावर, निदान एखाद्या आकाशगंगेवर, संकट कोसळते आणि ते निस्तरायची पाळी अशा चार-पाच जणांवर येते, ज्यांच्या हाती एरवी कोणी पानपट्टीची किल्लीही दिली नसती. नोकरीवरून काढलेला मेकॅनिक, कुठल्याच गटात न रमणारी मुलगी, कामाचा कंटाळा आलेला यंत्रमानव, स्वतःच्या ग्रहावरही परकाच ठरलेला परग्रहवासी अशी ही टोळी असते. एकमेकांवर सतत वैतागलेली, तरी एकमेकांना न सोडणारी. कथानक संकटाच्या जोरावर पुढे सरकते, पण वाचक थांबतो तो या मंडळींच्या कुरबुरींसाठी.

प्रकार वाटतो तितका नवा नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लुशियनने एक चंद्रसफर रचली आणि यातले काहीही खरे नाही, असे सुरुवातीलाच सांगून टाकले. तिच्यात चंद्राचा राजा आणि सूर्याचा राजा यांचे युद्ध जुंपते. कारण काय, तर शुक्रावर वसाहत कोणी करायची. सैन्यात लसूणवीर आहेत, पालेभाजीचे पंख असलेल्या पक्ष्यांवरचे स्वार आहेत, बारा हत्तींएवढ्या पिसवांवर बसलेले तिरंदाज आहेत. शेवटी सूर्याकडचे लोक मधे ढगांची भिंत घालून चंद्राचा उजेडच तोडतात आणि तह होतो : चंद्राने दरवर्षी दवाचे १०,००० रांजण द्यावेत, शुक्रावरची वसाहत मात्र दोघांची सामाईक. बेळगावकडचा वाचक इथे हमखास थबकतो. विनोदी अंतराळकथेचा इतका जुना नमुना, त्याचा विषय सीमावाद, आणि तो चक्क मिटलाही!

आधुनिक काळात या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या इंग्रजी श्रुतिकेमुळे. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर तिचा पहिला भाग लागला. कादंबरी नंतर आली. अंतराळातल्या बायपासच्या आड येते म्हणून पृथ्वी पाडली जाते. हरकती का घेतल्या नाहीत, असे वर पृथ्वीवासीयांनाच विचारले जाते, कारण नकाशे ५० वर्षे अल्फा सेंटॉरीच्या कचेरीत लावलेले होते. हा तारा सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे प्रकाशाच्या वेगाने गेले तरी एक अर्ज देऊन परत यायला पावणेनऊ वर्षे हवीत. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासमध्ये पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षे कोर्टात आणि बांधावर भांडणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावी हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. तो तिथे कल्पित वाटेल का, एवढीच शंका.

हसू येते ते मापांच्या विसंगतीतून. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास सुमारे ९३०० कोटी प्रकाशवर्षे. आणि एवढ्या पसाऱ्याचे भवितव्य अडते कशात, तर फॉर्मवरचा एक रकाना रिकामा राहिला त्यात. लेखकाला एक मोठी थाप माफ असते, बहुधा प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या यानाची. ती एकदा मारली की पुढचे सगळे तिच्याशी इमान राखून चालावे लागते. जिथे दर पानावर नवी थाप लागते तिथे विनोद उरत नाही, नुसता गोंधळ उरतो. दुसरा संकेत टोळीविषयी आहे. ज्या खोडीमुळे माणूस सगळीकडून हाकलला गेला, तीच खोड शेवटी कामी यावी लागते. अडाणीपणाने चुकून दाबलेले बटण आणि वाचलेले विश्व ही युक्ती आता पार झिजली आहे. ती टाळलेली बरी.

मराठीत विज्ञानकथा रुजली ती गंभीर चेहऱ्याने. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ मध्ये तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली, ती बक्षीसपात्र ठरली आणि या लेखनाला प्रतिष्ठा मिळाली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. मात्र विज्ञान समजावून देण्याची जबाबदारी या कथेने इतकी मनावर घेतली की नायक बहुतेकदा शास्त्रज्ञच राहिला. कामचुकार, बडबडे, नापास झालेले लोक तिच्या प्रयोगशाळेत फारसे शिरले नाहीत.

सीमाभागात हा प्रकार फुलायला लागणारी जमीन मात्र तयार आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. अखिल भारतीय साहित्य संमेलने इथे १९२९, १९४६ आणि २००० मध्ये झाली. त्यांपैकी १९४६ च्या, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यावर साहित्याच्या व्यासपीठावर सीमाप्रश्न कायमचाच आला, आणि व्यासपीठाचा सूर साहजिकच जड झाला. पण कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या ग्रामीण संमेलनांत ग्रंथदिंडी आणि भाषणे उरकली की कथाकथनाचे सत्र असते. ते बहुधा जेवणानंतर येते. मांडवात ऊन तापलेले, पुढच्या रांगेतली पोरे चुळबुळणारी, मागे आज्या डोळे मिटून. अशा वेळी माइकसमोरच्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांत हशा काढावाच लागतो. रेडिओमुळे लोकप्रिय झालेल्या प्रकाराला याहून चांगली कसोटी मिळणार नाही.

बोलीचा फायदा तर आहेच. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनी इथल्या कानडी हेलाच्या मराठीतला ठसका ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रातून घरोघरी पोहोचवला. कुणाला हा हेल फक्त नकलेपुरता वाटतो. वास्तविक त्यात कथानकच दडलेले असते. समजा, यान उतरले ते बाची आणि शिनोळीच्या मधल्या बांधावर. एक चाक बेळगाव तालुक्यात, दुसरे चंदगड तालुक्यात. पंचनामा कोणी करायचा यावर दोन राज्यांचे पोलीस एकमेकांना चहा पाजत बसतात आणि तेवढ्यात आकाशगंगेचा एक कोपरा विझतो. खानापूरची अक्का पुढे होऊन ‘थांबा, मी येतो की’ म्हणते. भाषांतरयंत्र या ‘येतो’वरून तिची पुरुष म्हणून नोंद करते आणि पुढचे तीन ग्रह तिला अण्णा म्हणतात.

यानाचा तुटलेला बोल्ट घेऊन मंडळी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, जातात. तिथला टर्नर तो बोटांत फिरवून बघतो, आटे उलटे आहेत म्हणतो, व्हर्नियर लावतो. परग्रहवासी मायक्रॉनमध्ये माप सांगतो, म्हातारा शेठ सूतात विचारतो, आणि जॉब दोघांच्या मधे कुठेतरी नीट बसतो. यात थाप फारशी नाही : फाउंड्री आणि लेथची कामे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत आणि बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात. बिल मात्र कोणत्या भाषेत करायचे, यावर पुन्हा वाद.

या प्रकाराची खरी अडचण दुसऱ्या भागात येते. विश्व एकदा वाचले की टोळीचा सत्कार होतो, हार-शाल पडते, आणि सत्कार झालेल्या माणसांवर हसता येत नाही. म्हणून मुरलेले लेखक विश्व वाचवतात, पण बचावाचे श्रेय भलत्याच खात्याला देतात आणि मेकॅनिकचा थकलेला पगार थकलेलाच ठेवतात.