खोक्यावरचे ६७५

पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर बहुधा शनीचं झकास रंगीत चित्र असतं आणि शेजारी ठळक आकडा: ६७५ पट! आकडा खोटा नाही. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास ११४ मिमी, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतचं अंतर) ९०० मिमी. या ९०० ला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की किती पट मोठं दिसणार ते कळतं. २५ मिमीचा आयपीस लावला तर ३६ पट, १० मिमीचा लावला तर ९०, आणि ४ मिमीचा लावला तर २२५. त्यात तिप्पट करणारी बार्लो लेन्स घातली की झाले ६७५.

गणित जुळतं, शनी मात्र दिसत नाही. आयपीस कुठलाही लावा, प्रकाश गोळा होतो तो आरशाच्या आकाराइतकाच. ३६ पटींवरून ६७५ वर गेलात, तर तोच प्रकाश जवळजवळ साडेतीनशे पट क्षेत्रफळावर पसरतो. शिवाय ११४ मिमीचा आरसा साधारण एक विकलेपेक्षा (अंशाच्या ३६०० व्या भागापेक्षा) बारीक तपशील वेगळा दाखवूच शकत नाही, आणि वातावरणाची थरथर बऱ्याच रात्री तेवढाही दिसू देत नाही. त्यापुढे वाढतो तो फक्त धूसरपणा. आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट, म्हणजे इथे २२८ पट, ही वरची मर्यादा धरतात. माझ्या मते दीडशेच्या आसपास थांबलेलं बरं. त्यातून स्टँड डगमगता असेल तर आणखी अलीकडे.

आयपीसची खरेदी सुरू करायची ती कमी पटींपासून. २५ मिमीचा साधा प्लॉसल आयपीस सुमारे ५० अंशांचं दृश्यक्षेत्र देतो. त्याला ३६ ने भागलं तर आकाशाचा १.४ अंशाचा तुकडा नजरेत येतो. चंद्राची रुंदी अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ तीन चंद्र शेजारी शेजारी मावतील. कृत्तिकेतले ठळक तारे यात एकत्र दिसतात. जास्त पटींच्या आयपीसमधून बघायला गेलात तर कृत्तिकेचा पुंजका हरवतो आणि चारदोन सुटे तारे उरतात. पृथ्वी फिरते त्याचाही हिशेब आहेच: आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं, त्यामुळे ४ मिमीच्या आयपीसमधून गुरू मिनिटभरातच निसटतो. मागे रांगेत पाहुणे उभे असतील तर विचारायलाच नको.

हा प्लॉसल काही आजकालचा नाही. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सिमोन प्लॉसलने १८६० मध्ये दोन जोडभिंगं समोरासमोर बसवून तो बनवला. स्वस्त आणि भरवशाचा म्हणून नवख्यांना आजही तोच सुचवला जातो. एक अडचण आहे: नाभीय अंतर कमी झालं की डोळा काचेच्या फार जवळ न्यावा लागतो. १० मिमीच्या प्लॉसलला जेमतेम ७ मिमी. जवळचा किंवा लांबचा चष्मा असेल तर तो काढून फोकस फिरवला की काम होतं. चष्म्याला सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा घालूनच बघावं लागतं, आणि ७ मिमीत ते जमत नाही.

इथे बार्लो उपयोगी पडते. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लोच्या नावाची ही अंतर्गोल लेन्स १८३० च्या दशकातली. प्रकाशकिरणांचा एकत्र येण्याचा कोन ती लहान करते, त्यामुळे दुर्बिणीचं नाभीय अंतर वाढल्यासारखं होतं. २५ मिमीच्या आयपीसमागे दुप्पट करणारी बार्लो लावली की ७२ पट मिळतात आणि डोळाही आरामात दूर राहतो. मात्र आकडे बघून घ्या. २५ आणि १२.५ चे आयपीस घेऊन वर बार्लो घेतली, तर २५ च्या पटी दुप्पट होऊन तो १२.५ सारखाच होतो, पैसे वाया. २५ आणि १० घेतले तर ३६, ७२, ९० आणि १८० अशा चार पायऱ्या हाती येतात. यातली १८० ची पायरी हवा शांत असलेल्या रात्रीच वापरायची.

खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या तिप्पट बार्लोचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. पण आयपीसवर बसवायची ‘सूर्यासाठीची’ काळी काच त्यात निघाली, तर ती फोडून टाका. आरशाने एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि मग सगळा प्रकाश थेट डोळ्यात जातो. सूर्य बघायचा तर प्रमाणित फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवायचा, आणि शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवायचं.