लांबलेली थंडी (विदर्भ)

पावसाळा सरल्यावर कोजागिरीपासून रात्री गार होत जातात आणि कार्तिकात हिवाळा बस्तान मांडतो, हा विदर्भातला नेहमीचा क्रम. तो मोडून ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत रात्री उबदार आणि आभाळ अधूनमधून भरलेले राहिले, की त्या स्थितीला थंडी लांबली असे म्हणतात. अंगाला हे हवामान सुखाचे वाटते, पहाटे पांघरूण लागत नाही, शेकोटी पेटत नाही. वावरात, म्हणजे शेतात, मात्र गहू, हरभरा, तूर, पऱ्हाटी (कपाशी) आणि संत्रा या पाचही पिकांचे गणित या रात्रींवर बसलेले असते.

शास्त्रात अश्विन-कार्तिक शरद आणि मार्गशीर्ष-पौष हेमंत. गावात शरदाला वेगळे नाव नाही. पावसाळा आणि हिवाळा यांमधला तो सांधा आहे आणि त्याची खूण पावसाच्या नक्षत्रांवरून धरतात. हस्त साधारण २७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास, तर स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास लागते आणि ६ नोव्हेंबरच्या सुमारास संपते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण कोरडवाहू रब्बीला मिळणाऱ्या ओलाव्याची आहे. सोंगलेले (कापलेले) सोयाबीन गंजीत असताना किंवा बोंडे फुटलेली असताना तोच पाऊस नुकसान करतो.

सणावरून थंडी मोजण्यातली चूक

‘पूर्वी दिवाळीत कुडकुडायचो’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. त्यात तथ्य किती आणि पंचांगाचा खेळ किती, हे आधी वेगळे करावे लागते. अधिक मासामुळे लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येते. २०२० मध्ये ते १४ नोव्हेंबरला होते, २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. नागपूरचे सरासरी किमान तापमान ऑक्टोबरात सुमारे २०° से., नोव्हेंबरात १६° से. आणि डिसेंबरात १२ ते १३° से. असते. म्हणजे लवकरची आणि उशिराची दिवाळी यांत सरासरीनेच तीन-चार अंशांचा फरक पडतो. लवकरच्या दिवाळीला उकडले म्हणून ऋतू बदलला असे होत नाही. तुलना नेहमी इंग्रजी तारखेशी करावी.

हस्त, चित्रा, स्वाती या सूर्यनक्षत्रांच्या तारखाही ऋतूच्या मानाने सरकतात, पण सुमारे ७२ वर्षांत एक दिवस इतक्या मंद गतीने. एका पिढीच्या आठवणीत तो फरक दिसत नाही.

हे सारे वजा केल्यावरही बदल उरतो, आणि तो मोजलेला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचा ऑक्टोबर देशासाठी आजवरचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर होता आणि महिन्याचे सरासरी तापमान नेहमीपेक्षा १.२३° से. जास्त होते. याउलट २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५° से. पर्यंत उतरला होता. लांबलेली थंडी म्हणजे थंडीच नाही, असा अर्थ म्हणूनच काढता येत नाही. उशिरा आलेली थंडी एकदम आणि कडक येऊ शकते, आणि कोवळ्या पिकाला ती जास्त बाधते.

रात्र गार का होत नाही

मोसमी पाऊस विदर्भातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघारी जातो. त्यानंतर आकाश निवळते, ऊन तापते आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दमट उकाडा जाणवतो. हीच ऑक्टोबर हीट, आणि ती दरवर्षीची आहे. पुढे हवा कोरडी होते, उत्तरेकडचा वारा सुटतो आणि निरभ्र रात्री जमीन दिवसभराची उष्णता वर सोडून देते, तेव्हा पारा उतरतो. आभाळ आले की ही वाट बंद होते. ढग जमिनीची उष्णता अडवून परत खाली पाठवतात आणि पहाटेचे तापमान एका रात्रीत चार-पाच अंशांनी चढू शकते.

हे आभाळ बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातून येते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथल्या चक्रीवादळांचा हंगाम. वादळ आंध्र किंवा तमिळनाडूच्या किनाऱ्याला धडकले तरी त्याचा दमट वारा विदर्भापर्यंत पोहोचतो आणि उत्तरेचा कोरडा वारा अडतो. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रात थंडी ओसरून ढगाळ उबदार हवा आली, हे त्याचे ठळक उदाहरण. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला, तर जमिनीतली ओलही रात्रीचा उतार मंदावते.

गव्हाची पेरणी

बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. बी उगवायला २० ते २५° से. तापमान चालते, फुटवे धरायला मात्र थंडी लागते. रात्री १८ ते २०° वर अडकल्या असताना घाईने पेरले, तर रोप सरळ वर धावते, दोन-तीन फुटव्यांवर थांबते आणि ओंबी लवकर बाहेर पडते. ओंबी लहान, दाणे मोजके. अशा वर्षी पंधरा तारखेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. त्यापुढे थांबणे महागात पडते, कारण दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चची उष्णता गाठते. १५ नोव्हेंबरनंतरच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट धरतात.

उशीर झालाच तर बियाणे हेक्टरी १०० ते १२५ किलोऐवजी १२५ ते १५० किलो घ्यावे आणि ओळींतले अंतर साडेबावीस सेंमीवरून १८ सेंमीवर आणावे, कारण फुटव्यांची उणीव रोपांच्या संख्येनेच भरून निघते. वाणही उशिरा पेरणीचाच निवडावा. पहिले पाणी १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना द्यावे. उबदार वर्षात ही अवस्था लवकर येते, म्हणून अठराव्या दिवशी एक रोप उपटून पाहावे. जमिनीलगतच्या कांड्यातून पांढरी, जाडसर नवी मुळे टोचल्यासारखी बाहेर आली असतील तर पाण्याची वेळ झाली.

हरभरा आणि तूर

हरभऱ्याचा पहिला धोका मर रोगाचा. जमीन तापलेली असताना पेरलेल्या हरभऱ्यात बुरशी जोर धरते आणि रोपे हिरवीच माना टाकतात. बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयुक्त बुरशी) चोळावे, मग १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत लावून सावलीत सुकवावे. रायझोबियम लावलेले बी उन्हात ठेवले की जिवाणू मरतात, ही चूक वारंवार होते. दुसरा त्रास ओल आणि ऊब एकत्र आल्यावर होतो. झाड नुसते वाढीला लागते आणि फुलोरा लांबतो. तेव्हा युरिया देऊ नये, पाणी ताणावे आणि साधारण महिनाभराच्या पिकाचे शेंडे खुडावे. खुडलेला पाला भाजीला होतो.

तुरीचे दुखणे फुलोऱ्यात सुरू होते. नोव्हेंबरात आभाळ राहिले की घाटे अळीची अंडी शेंड्यांवर आणि कळ्यांवर दिसू लागतात, आणि धुवारी (धुके) पडली की फुलांचा सडा खाली येतो. फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी कापडातून गाळून पाणी १०० लिटर करावे आणि २०० ग्रॅम साबणचुरा मिसळावा. दुपारच्या उन्हात फवारल्यास अर्काचा गुण उतरतो, म्हणून वेळ संध्याकाळची. हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसल्या की उपाय करण्याची पातळी गाठली असे समजतात.

पऱ्हाटी

उबदार नोव्हेंबरात पऱ्हाटी पुन्हा पालवते, नवी पाती-फुले लागतात आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून आणखी कापूस, घेण्याचा मोह होतो. गुलाबी बोंडअळीला हवे तेच मिळते. एरवी थंडीच्या सुमारास बोंडे संपली की बऱ्याच अळ्या सुप्तावस्थेत जातात. हिरवी बोंडे आणि ऊब मिळत राहिली तर पिढीमागून पिढी निघते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातल्या कापसाचे मोठे नुकसान केले. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) हेक्टरी पाच लावावे. एका सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस आले, किंवा दहा टक्के हिरव्या बोंडांत अळी सापडली, तर फवारणी करावी. मोजणी करताना बोंड फोडूनच पाहावे. अळी आत शिरल्यावर भोक बुजते आणि वरून बोंड निरोगी दिसते. डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्या वावरात, धुऱ्यावर (बांधावर) किंवा गोठ्यामागे रचून न ठेवणे हाच खरा इलाज आहे.

संत्रा

लांबलेल्या थंडीची सर्वांत मोठी किंमत वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा संत्रा पट्टा मोजतो. आंबिया बहराचे, म्हणजे जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या फुलांचे, फळ ऑक्टोबर-डिसेंबरात तोडणीला येते. सालीतला हिरवा रंग जाऊन केशरी चढायला रात्री १३-१४° च्या खाली जाव्या लागतात. तसे न झाल्यास फळ आत गोड, वर हिरवे राहते. व्यापारी रंगावर भाव पाडतो आणि झाडावर थांबवले तर गळ होते.

पुढच्या बहराचेही नुकसान होते. आंबिया बहरासाठी डिसेंबरात झाडाला विश्रांती लागते. ती थंडीमुळे आणि पाणी तोडल्यामुळे, म्हणजे ताणामुळे मिळते. हलक्या जमिनीत ३० ते ३५ दिवस, मध्यम जमिनीत ४५ आणि भारी काळ्या जमिनीत ६० दिवसांपर्यंत ताण द्यावा लागतो. पाने मलूल होऊन सुमारे चतुर्थांश गळाली, की ताण पुरला असे धरतात. उबदार हवेत, त्यात एखादा पाऊस आला तर झाड नवती (नवी पालवी) टाकते, ताण तुटतो आणि जानेवारीत फुलांऐवजी पाने येतात. अशा वेळी क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढ रोखणारे रसायन २ मिली प्रति लिटर पाण्यात फवारून नवती रोखतात. ताण तोडताना एकदम भरपूर पाणी देऊ नये. आधी हलके आंबवणीचे (पहिले) पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचे (दुसरे, थोडे जास्त), मग नेहमीच्या पाळ्या. भर पाण्याने कळी गळते.

गावात नोंद कशी ठेवावी

किमान-कमाल तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, मोकळ्या गवताळ जागी ठेवावा आणि पेटीचे दार उत्तरेकडे असावे. टिनाच्या छपराखाली, भिंतीला टेकून किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेला तापमापक रात्री दोन-तीन अंश जास्त दाखवतो. नाल्याकाठच्या खोलगट वावरात थंड हवा साचते, तिथे तो कमी दाखवतो. वाचन रोज सकाळी ८.३० ला घ्यावे, कारण हवामान विभागाची वेळ तीच आहे. तापमानाशेजारी आभाळ, दव आणि धुवारी यांचे खाणे आखावे. नोंदीसाठी एक सोयीचे माप म्हणजे किमान तापमान सलग पाच रात्री १५° च्या खाली राहिले, ती तारीख. दहा-बारा वर्षांच्या अशा तारखा एका कागदावर आल्या, की थंडी लांबते की नाही हे त्या गावापुरते सांगता येते.

दवाची नोंद आणखी एका कामाची. हरभऱ्याच्या पानांवरची आंब (आंबट रस) गोळा करायला पहाटे धुतलेले सुती फडके पिकावरून फिरवतात आणि दवासकट ते भांड्यात पिळतात. पोटदुखीवर ती घरात ठेवण्याची जुनी रीत आहे. आभाळी रात्री पानांवर दव धरत नाही आणि फडके कोरडेच परत येते.