पत्र्यावर कोण चालतंय?

आमचं आजोळ जिंतूरच्या बाजूला. उन्हाळ्यात तिथं घरात झोपायची सोयच नव्हती. बायका ओसरीवर, पुरुष अंगणात बाजा टाकून, आणि आम्ही पोरं माळवदावर. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका रात्री निजानीज झाल्यावर गुरांच्या कोठ्याच्या पत्र्यावर टण्ण् असा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा. मग कुणीतरी दोन पावलं टाकावीत तसा, टण्ण्-टक्.

'कोण हाय रे?' मामा कुऱ्हाड घेऊन ओरडला आणि गल्ली जागी झाली. काठ्या आल्या, बॅटऱ्यांचे झोत पत्र्यावर पडले. पत्रा रिकामा! आणि त्या रिकाम्या पत्र्यावर सगळ्यांच्या देखत पुन्हा एकदा टण्ण्. चोर निघाला असता तर लोकांना जरा बरं वाटलं असतं. दोघं-तिघं देवाचं नाव घेत मुकाट्यानं घरी गेले. मामानं कुऱ्हाड न सोडता आपली बाज आज्जीच्या बाजेला आणून चिकटवली. 'मुंजा हाय,' आज्जी म्हणाली. 'पिंपळावरून उतरतो अन् विहिरीकडं जातो. निजा आता गुमान.'

त्या मुंजाचं माप आता काढता येतं. ते दीड मिलिमीटर आहे.

दिवसभर ऊन खाल्लेला लोखंडी पत्रा दुपारी ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. रात्री तो २५ अंशांवर आला, तर दहा फुटांचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास आखडतो. पण त्याला मोकळेपणानं आखडता येत नाही. खिळे आणि हूक त्याला वाशांशी धरून ठेवतात. ताण साठत जातो, साठत जातो, आणि एका क्षणी पत्रा खिळ्याखाली सटकतो. तोच टण्ण्. एक जागा सुटली की ताण शेजारच्या खिळ्यावर जातो, थोड्या वेळानं तीही सुटते, म्हणून आवाज 'चालत' गेल्यासारखा वाटतो. मराठवाड्यातलं उन्हाळी आभाळ कोरडं आणि निरभ्र असतं, त्यामुळं सूर्य मावळल्यावर पत्रा आपली उष्णता थेट आभाळात फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. हा कार्यक्रम रात्रीच्या पहिल्या काही तासांत सगळ्यात जोरात चालतो, म्हणजे नेमका गोष्टी सांगायच्या वेळेला. सकाळी ऊन चढतानाही पत्रा तसाच वाजतो, पण तेव्हा भांडी घासायचा आवाज सुरू असतो आणि मुंजाला कुणी विचारत नाही.

रात्रीच्या हाकेचंही असंच. कुणी नाव घेऊन बोलावलं तर तिसरी हाक आल्याशिवाय ओ देऊ नये, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची गार असते. आवाज गार हवेत हळू जातो आणि तिच्याकडं वळतो, म्हणून दुपारची हाक वर निघून जाते, दोन शेतं ओलांडून ऐकू येत नाही. रात्री जमीन लवकर निवते, लगतची हवा गार आणि वरची उबदार होते, आणि आवाज पुन्हा खाली वाकतो. पलीकडच्या गावातलं भजन, दूरच्या आखाड्यावर सालगड्यानं बैलाला घातलेली शिवी, असं सगळं तुटक-तुटक उशाशी येतं. अर्धवट झोपेतलं डोकं त्या तुकड्यांतून ओळखीचं असं काहीतरी जुळवतं. आणि आपल्या नावाइतकं ओळखीचं दुसरं काय असतं?

परभणी जिल्ह्यातल्या पोरांना भुतांची गरज तशी नव्हतीच. मानवतला १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या खुनांनी आमच्या आईच्या पिढीची झोप उडवली होती. मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले होते, हे म्हाताऱ्यांना अजून आठवतं. अंधार पडल्यावर पोरं मोजून घ्यायची सवय आमच्या घराला त्या दिवसांत लागली. त्यामुळं माळवदावर मुंजाची गोष्ट संपली की खुनाची सुरू व्हायची, आणि तिच्यात एक वाक्य हमखास यायचं: 'अंग अजून गरम होतं, म्हणजे आत्ताच मारलं असणार.'

हे वाक्य एप्रिल-मेमध्ये सपशेल खोटं ठरू शकतं.

मेल्यावर शरीर गार पडतं, ते भोवतालची हवा शरीरापेक्षा गार असते म्हणून. थंड देशांत मुरलेला अंदाज ताशी साधारण एका अंशाचा. उष्ण प्रदेशात हा वेग बराच कमी होतो. आणि खोलीतली हवाच ४२ अंशांवर असेल तर? उष्णता गरमाकडून गाराकडं जाते, मेलेल्या माणसासाठी हा नियम बदलत नाही. प्रेत गार व्हायच्या ऐवजी उलट तापू लागतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी मेलेला माणूस संध्याकाळी हाताला गरमच लागेल. अशा गरम अंगाच्या भरवशावर कुणी संध्याकाळी शेवटच्या दिसलेल्या माणसावर संशय घेतला, तर दुपारचा मारेकरी निवांत सुटला. शरीराचं ताठरणंही उन्हाळ्यात लवकर येतं आणि लवकर ओसरतं. थोडक्यात, न्यायवैद्यकाची पहिल्या दिवसाची घड्याळं आपल्याकडच्या उन्हात बिघडतात.

एक घड्याळ मात्र उन्हावरच चालतं, आणि ते म्हणजे माशी. निळ्या-हिरव्या चमकणाऱ्या मोठ्या माश्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, आपल्याकडं सर्रास आढळणारी एक जात म्हणजे क्रायसोमिया मेगासेफाला. प्रेतावर त्या काही मिनिटांत पोचतात आणि अंडी घालतात. अंडी फुटून अळी किती वाढली, हे तापमानावर ठरतं. समजा, एखाद्या जातीची वाढ १० अंशांखाली थांबते. मग २० अंशांच्या हवेत तिच्या खात्यावर तासाला १० अंश जमा होतात, ३५ अंशांत २५. म्हणजे वाढ अडीच पट. त्या दिवसांचं तासातासाचं तापमान हातात असलं की अळीच्या वयावरून मागं मोजत जाता येतं. यातही खाचाखोचा आहेत. या माश्या रात्री सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळं रात्रीच्या खुनाचं घड्याळ सकाळी सुरू होतं. शिवाय अळ्यांचा पुंजका स्वतःची उष्णता तयार करतो, तिचा हिशेब वेगळा धरावा लागतो. जेवताना सांगायची गोष्ट नव्हे, मान्य.

माशीनं पकडून दिलेला सगळ्यात प्रसिद्ध खुनी चिनी आहे, पण ती गोष्ट आमच्या माळवदावरही शोभली असती. सोंग त्स या न्यायाधिकाऱ्यानं १२४७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ती येते. एक माणूस वाटेत मरून पडलेला, अंगावर विळ्याचे वार. तपास करणाऱ्यानं आसपासच्या लोकांना आपापले विळे आणून उघड्यावर मांडायला लावले. भर उन्हाळा होता. सत्तर-ऐंशी विळे, सगळे धुतलेले, दिसायला सारखे. माश्या मात्र एकाच विळ्यावर जमल्या. डोळ्याला न दिसणाऱ्या रक्ताचा वास त्यांना लागला होता. मालकानं कबुली दिली.

उन्हाळ्यात डोकी तापतात आणि खून होतात, असं आपण बिनधास्त म्हणतो. बेल्जियमच्या आदोल्फ केतेलेनं १८३१ मध्येच फ्रान्समधले आकडे मांडून दाखवलं होतं की मारहाण-खुनासारखे गुन्हे उन्हाळ्यात वाढतात आणि चोऱ्या हिवाळ्यात. उकाड्यानं माणूस चिडखोर होतो, यात काही तथ्य नक्की आहे. पण मराठवाड्यापुरतं मला वाटतं की थर्मामीटरइतकंच पंचांगही बघावं. मे महिन्यात शेतं मोकळी असतात, नांगरट चालू असते, आणि शेजाऱ्यानं बांध कोरलाय हे तेव्हाच दिसतं. जुलैमध्ये सोयाबीन उभं असताना कोण बांधावर टेप घेऊन जातं? त्यात टँकरच्या पाण्यावरून कुरबुरी, पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेले भाऊबंद, वाटणीची बोलणी आणि लग्नातले मानपान. ऊन कुऱ्हाड उचलायला लावत असेल, पण ती कुणावर हे बहुतेक आधीच ठरलेलं असतं.

आता आज्जीचा मुंजा, कारण पत्र्यावरचा खोटा निघाला तरी विहिरीतला खरा होता. 'मुंजा एकट्याला नेत नाही, जोडी नेतो,' असं ती म्हणायची. आणि खरंच, उन्हाळ्यात गाळ काढायला उतरलेल्यांच्या बातम्या तशाच असतात. एक खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही.

आटलेल्या विहिरीच्या तळाशी पालापाचोळा कुजत असतो. कुजताना ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो हवेच्या दीडपट जड. हे बारमाही चालतं, मग माणसं उन्हाळ्यातच का मरतात? एक कारण साधं, उतरतात तेव्हाच. दुसरं पुन्हा तापमानाचं. हिवाळ्यात पहाटे बाहेरची हवा १० अंशांवर आणि विहिरीतली २५ वर असते. बाहेरची गार, जड हवा आत उतरते, आतली वर येते, विहीर श्वास घेते. मेमध्ये बाहेर ४२, तळाशी २७. बाहेरची हवा पाच टक्के हलकी, ती तोंडाशीच राहते. आतली गार हवा झाकण लावल्यासारखी जागच्या जागी, दिवसेंदिवस. त्यात कुणी पंपाचं इंजिन खाली उतरवून चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइडची भर, ज्याला वासही नाही.

हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १० टक्क्यांखाली गेला की माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. कोंडल्यासारखं होतं ते कार्बन डायऑक्साइड साठल्यानं, नुसता ऑक्सिजन कमी झालेला शरीराला नीटसा उमगतही नाही. कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांवर असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध जाते, वर चढायला तेवढा वेळ पुरत नाही. वरच्याला वाटतं, पाय घसरला. तो धावत उतरतो, दम लागल्यानं मोठमोठे श्वास घेत. जोडी अशी पूर्ण होते. कंदील सोडून बघण्याची जुनी रीत निम्मी उपयोगाची. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, तेव्हा विझली तर उतरायचंच नाही. पण जळत राहिली म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही असं ठरत नाही. कमरेला दोर बांधलेला आणि तो ओढायला वर चार माणसं असली, तर निदान दुसऱ्यानं उतरायची वेळ येत नाही.

मामा विहिरीत उतरायच्या आदल्या दिवशी कडुनिंबाची पालेदार फांदी दोराला बांधून तळापर्यंत सोडायचा आणि ओढायचा, सोडायचा आणि ओढायचा, घाम निथळेपर्यंत. वर बादल्यांनी पाणी शिंपडायचा. खालची हवा ढवळून काढायची याहून स्वस्त युक्ती मला अजून सापडलेली नाही, जरी आज ब्लोअर लावणंच बरं. मी एकदा त्याला विचारलं, हे कामून करतोस? त्यानं काही सांगायच्या आत काठावर बसलेली आज्जीच म्हणाली, 'मुंजाला वारा घालतोय. बिचारा उकाड्यानं कावला असंल.'