एक कैची गेली तरी बाकीचे छप्पर टिकावे

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांत वासे इतके जवळजवळ असतात की एखादा वाळवीने पोखरला, तरी त्याचा भार शेजारचे वासे उचलतात. सभागृहासाठी किंवा मासळीबाजारासाठी मध्ये खांब न घेता वीस-तीस मीटरचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) लाकडाने झाकायचा ठरवला, की सारे छप्पर मोजक्या मोठ्या कैच्यांवर, म्हणजे लाकडे जोडून केलेल्या सांगाड्यांवर येते आणि ही सोय संपते. अशा वेळी छप्पर किती भार सोसेल याइतकेच, एक कैची निकामी झाल्यास किती छप्पर खाली येईल, हेही आधी ठरवावे लागते.

डेन्मार्कमधील बालेरुप येथे जानेवारी २००३ मध्ये क्रीडागृहाच्या ७२ मीटर गाळ्याच्या दोन कैच्या आराखड्यातील चुकीमुळे कोसळल्या. चूक सगळ्याच कैच्यांत होती. परंतु त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळयांचे सांधे हलके असल्याने बाकीच्या कैच्या ओढल्या गेल्या नाहीत. याउलट जर्मनीतील बाड राइखेनहाल येथे २ जानेवारी २००६ रोजी स्केटिंगगृहाचे जवळजवळ संपूर्ण छप्पर पडून १५ जणांचा मृत्यू झाला. तेथे मुख्य तुळयांचे भाग जोडणारा युरिया-फॉर्माल्डिहाइड सरस वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने कमजोर झाला होता, आणि आडवे जोड ताठ असल्याने पहिल्या तुळईचा भार तितक्याच दुबळ्या शेजारणींवर गेला.

दोष एकाच ठिकाणी असेल तर घट्ट बांधणी तारते. तो सर्वत्र असेल तर तीच बांधणी घात करते. कोकणातला पावसाळी दमटपणा सगळ्या कैच्यांना सारखाच भिडतो, म्हणून येथे लांब छप्पर स्वतंत्र टप्प्यांत विभागणे मला अधिक सुरक्षित वाटते, मात्र प्रत्येक टप्प्याला वाऱ्याविरुद्ध स्वतःचे तिरपे आधार हवेत.

वाऱ्याचा विचार येथे विशेष करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा असंख्य घरांचे पत्रे आणि कौले उडाली. लाकडी छप्पर हलके असल्याने वादळ त्याला वर उचलते. एरवी ताणात असणारा कैचीचा खालचा पट्टा तेव्हा दाबाखाली येऊन वाकू शकतो, आणि कैचीचे टोक खांबावर नुसते टेकवलेले असेल तर ते सुटते. म्हणून ते खांबाशी आणि खांब पायाशी जखडावा लागतो. सांध्यांत मोजक्या जाड बोल्टांऐवजी पुरेसे अंतर राखून बसवलेल्या अनेक बारीक पोलादी खुंट्या बऱ्या, कारण लाकूड अचानक फाटण्याआधी त्या वाकतात. खाऱ्या हवेमुळे त्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. कैचीची टोके भिंतीत गाडू नयेत. ती उघडी राहिली तर वारा लागून सुकतात आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शिडी लावून तपासता येतात.