सीमाप्रश्न आणि सर्वोच्च न्यायालय

बेळगाव, खानापूर, निपाणीपासून कारवारपर्यंतच्या मराठीबहुल भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. राज्य पुनर्रचना कायद्याने १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, जोडला. तेव्हापासून लढा रस्त्यावर आणि मतपेटीत चालला. न्यायाधीश त्यात तेव्हाही होताच: सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचे प्रमुख निवृत्त सरन्यायाधीश होते. पण १९६७ चा त्यांचा अहवाल म्हणजे केवळ सल्ला. बेळगाव म्हैसूरकडेच राहावे ही त्यातली शिफारस महाराष्ट्राने धुडकावली आणि अहवाल फायलीत पडला.

दाव्याची खरी गोम अधिकारक्षेत्रात आहे. राज्याराज्यांतले तंटे अनुच्छेद १३१ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार मात्र अनुच्छेद ३ ने संसदेला दिला आहे. कर्नाटक याच कलमावर ठाण मांडून आहे. महाराष्ट्राची भिस्त राज्यांच्या सीमा आखण्याच्या पाटसकर सूत्रावर: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. १९५६ मध्ये संसदेचा असा कायदा न्यायालयात खेचणे फार कुणाला सुचले नसते. केशवानंद भारती निकालाने (१९७३) घटनादुरुस्तीही तपासण्याचा अधिकार न्यायालयाने स्वतःकडे घेतला. कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या बडतर्फीतून उभ्या राहिलेल्या खटल्यात (१९९४) राष्ट्रपती राजवटीला लगाम बसला. दिल्लीच्या राजकीय निर्णयांना कोर्टात आव्हान देता येते, हा भरवसा राज्यांना इथूनच आला.

सीमाभागात मात्र या भरवशाची दुसरी बाजू दिसते. कोर्टातला दावा पुढाऱ्यांना सोयीचा ठरतो. अवघड प्रश्न आला की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून मोकळे होता येते. डिसेंबर २०२२ मध्ये अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून निकालापर्यंत कुणीही दावा सांगू नये, असे ठरवले. कर्नाटकच्या बाजूने बसले होते बसवराज बोम्मई, त्याच एस. आर. बोम्मईंचे चिरंजीव. पंधरवड्याच्या आत महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातली ८६५ गावे महाराष्ट्रात घेण्याचा ठराव केला.

दरम्यान कर्नाटकचे काम थांबलेले नाही. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत उभी राहिली, २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक पाडला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तेव्हा लाठीमार झाला. मूळ दाव्यातला अधिकारक्षेत्राचा मुद्दा तेवढा अजून सुटलेला नाही.