हिरडा की तुरटी? आधी कापड कशाचं ते बघा

नैसर्गिक रंगाईची कुठलीही कृती काढा, सुरुवातीलाच लिहिलेलं असतं: आधी कापडाला रंगबंधक, म्हणजे रंग धाग्यावर धरून ठेवणारं द्रव्य, लावून घ्या. एकीकडे हिरडा सांगितलेला असतो, दुसरीकडे तुरटी. साहजिकच वाटतं, घरात जे असेल ते चालेल. पण तसं नाही.

तुरटी हा ॲल्युमिनियमचा क्षार. मंजिष्ठेच्या मुळातलं किंवा झेंडूतलं रंगद्रव्य धाग्यावर धरून ठेवतं ते हे ॲल्युमिनियम. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे धागे, त्यांना तुरटी थेट लागते. सूत म्हणजे सेल्युलोज, आणि तिथे तिचं फारसं चालत नाही. नुसत्या तुरटीत भिजवलेलं सुती कापड मंजिष्ठेच्या पातेल्यातून काढताना झकास दिसतं. धुवायला लागलात की उतरायला लागतं.

सुतासाठी हिरडा हवा. आपल्या सह्याद्रीतलंच झाड, आणि फळात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. टॅनिन सुताला धरतं, टॅनिनला ॲल्युमिनियम धरतं, ॲल्युमिनियमला रंग. म्हणून क्रम बदलायचा नाही. कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढायची. मग त्याच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के हिरडापूड पाण्यात कालवून त्यात भिजवायचं. पिळून, न खळबळता, पसरून वाळवायचं. दोरीवर लोंबकळत ठेवलंत तर पाणी खाली उतरतं आणि पुढे रंगात पट्टे दिसतात. त्यानंतर तुरटी, आणि शेवटी रंग.

दोघांतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर सुती कापडाच्या दोन पट्ट्या घ्या, एक हिरड्यातली, एक तुरटीतली. दोन्हींवर हिराकशीच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, पाण्याचा एकेक थेंब टाका. हिरड्याची पट्टी तिथल्या तिथे काळपट पडते. तुरटीची पडत नाही. टॅनिन आणि लोह भेटले की काळं होणारच. जुन्या शाईचं तंत्र हेच. हिरड्याचं पाणी लोखंडी घमेल्यात का करू नये, हेही त्यातच आलं.

कच्छमधले अजरखचे, म्हणजे तिथल्या ठशांच्या छपाईचे, कारागीर याच गोष्टीवर नक्षी उभी करतात. आख्खं कापड आधी हिरड्यात बुडवून पिवळसर करतात. मग गूळ आणि गंजलेलं लोखंड आंबवून केलेल्या पाण्याने काळं छापतात आणि जिथे लाल हवं तिथे तुरटी. पुढे सगळं कापड एकाच लाल रंगाच्या भांड्यात उकळतं. तुरटीची जागा लाल होऊन निघते, लोहाची काळीच राहते. दोन रंग, भांडं एक.

हिरड्याची खोड एकच, तो स्वतःचा पिवळटपणा मागे ठेवतो. गडद लाल किंवा तपकिरीत तो खपून जातो, फिक्या गुलाबीत नाही. तिथे माजूफळ बरं, टॅनिन त्यातही असतं, पण त्याचा स्वतःचा रंग कमी.

मीठ आणि व्हिनेगर मात्र या यादीत धरू नका, इंटरनेटवर कितीही सांगोत. रंगाला धरणारं त्यांत काहीच नाही. हळदीला तर तुरटीही उन्हापासून वाचवत नाही. आणि निळीला यातलं काहीच लागत नाही: कुंडातून कापड बाहेर काढलं की हवा लागून ती धाग्यातच निळी होते.